गिटारच्या डब्यातला बल्ब

पवनीत माझे दुरुस्तीचे दुकान आहे असे मी म्हणतो. मुलगा म्हणतो, होते. खरे या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. शटर रोज उघडते, सोल्डरिंग आयर्न रोज तापतो आणि लोकही रोज येतात, पण बहुतेक बसायला येतात. मोबाइल मी हातात घेत नाही. ज्या वस्तूचा स्क्रू पाहायला भिंग लागते ती वस्तू दुरुस्तीसाठी बनलेलीच नसते, असे माझे मत आहे. ते कोणी विचारत नाही, म्हणून इथे लिहून टाकतो.

मी रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यावर संसार केला. या धंद्यात वस्तू कमी बिघडतात आणि माणसेच जास्त, हे नवशिक्याला कोणी सांगत नाही. बपेऱ्याचे एक गृहस्थ पाहुण्यांकडे आले होते, ते रेडिओ घेऊन माझ्याकडे आले. तक्रार अशी की, रेडिओ हिंदीच बोलतो, मराठीवर लावून द्या. त्यांचे गाव मध्य प्रदेशाला चिकटलेले, त्यामुळे रेडिओचा तरी काय दोष? पण पाहिले तर काट्याची दोरी सरकली होती. मराठी स्टेशन जिथे दिसायचे तिथे ते नव्हतेच. दोरी बसवली आणि रेडिओ मराठी बोलू लागला. गृहस्थ जाताना म्हणाले, "आता हिंदी बंद तर नाही ना झाली? बायको तेच ऐकते."

दुसरे एक गिऱ्हाईक लाउडस्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. झाकण उघडले तर आत धान. उंदराने कोठीतून नेऊन ट्रान्सफॉर्मरच्या उबेला साठवलेले. मी ते काढून वर्तमानपत्रावर ओतले. मालकाने निरखून पाहिले आणि म्हणाला, "हे आपल्या वावरातलं नाही." अ‍ॅम्प्लिफायर सुरू झाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मला दिसला नाही. शेजाऱ्याचे धान आपल्या घरात कसे आले, याच विचारात तो निघून गेला.

आता मुद्द्याचे. मुद्दा कळायला आमच्या धंद्यातली एक रीत माहीत हवी. दुरुस्तीला आलेली कोणतीही वस्तू आम्ही थेट विजेच्या लाइनला लावत नाही. लाइन आणि वस्तू यांच्या मध्ये जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्ब जोडतो. त्याला सिरीज बल्ब म्हणतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि वस्तू वाचते. सगळे ठीक असेल तर तो एकदा लुकलुकतो आणि मंद होतो. माझ्या दुकानात हा बल्ब टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. दुकानात येणारी माणसे माझ्याकडे न पाहता आधी त्याच्याकडे पाहतात. डॉक्टरकडे रोग्याचे नातेवाईक डॉक्टरचा चेहरा पाहतात, तसेच हे.

प्रशांत असाच येऊन बसणाऱ्यांपैकी. पतसंस्थेत नोकरी, घरी बायको-पोरगी आणि डोक्यात गिटार. त्याचे वडील दौलतबाबा आमच्या भागातले जुने गाणारे. जयंतीला विहारासमोरच्या मांडवात पहिले गाणे त्यांचे, ही वस्तीची रीत मी तरुण असल्यापासून पाहत आलो. बाबा गवंडीकाम करायचे. दिवसभर विटा आणि संध्याकाळी गाणे. आवाज असा की, मायक्रोफोन बंद पडला तरी मागच्या रांगेला कळायचे नाही. आमचे साउंडवाले याला फार मोठा गुण मानत.

वय कोणाला सोडत नाही. बाबांचा आवाज बारीक झाला, तरी गोडवा राहिला. त्यात गेल्या वर्षी गाताना ते दोनदा मागे पडले, ढोलक पुढे आणि बाबा मागे. जयंती मंडळाचे अध्यक्ष त्यावर काही बोलले नाहीत, पण यंदा त्यांनी प्रशांतला सांगितले, "एक तर तुझी गिटार कमी कर, बाबा ऐकूच येत नाहीत. आन आधी प्रॅक्टिस दाखवा. बाबाचं बसलं तर बसलं, नाहीतर नागपूरचा पोरगा तयार हाये." बाबांच्या ऐवजी दुसरा कोणी पहिले गाणे गाणार, ही कल्पना बाबांच्या घरात कोणी उच्चारीत नव्हते. म्हणजे ती सगळ्यांच्याच डोक्यात होती.

गिटार कमी करणे सोपे नव्हते, कारण प्रशांतचा अ‍ॅम्प्लिफायर काचेच्या जुन्या व्हॉल्व्हचा. हल्लीची मुले त्याला ट्यूब म्हणतात. नागपूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्याने तो आणला होता. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरची गंमत अशी की, तो हळू वाजवला तर गोड पण गुळमुळीत वाजतो. पूर्ण जोरात नेला की आवाज जरासा फाटतो आणि तो फाटलेला आवाजच गिटारवाल्यांना हवा असतो. मी उभ्या आयुष्यात लोकांचा फाटलेला आवाज नीट करून दिला. आता तोच फाडून द्या म्हणून लोक येतात. असो.

तर अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात हवा, पण कानावर पडणारा आवाज कमी हवा. यावर उपाय असतो. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये एक डबा बसवायचा. अ‍ॅम्प्लिफायर जीव तोडून काम करतो, त्यातली बहुतेक ताकद डबा खातो आणि उरलेली स्पीकरला मिळते. खाल्लेल्याची उष्णता होते. असा डबा बाजारात मिळतो, पण प्रशांतने व्हिडिओ पाहून घरीच केला. बिस्किटाचा जुना टिनाचा डबा. तो त्याने माझ्या टेबलावर ठेवला.

"काका, हे पाहा जी. हळू वाजवलं तर बराबर वाजते. जोरात हाणलं का आवाज बसते. आन बटण फिरवताना मधातच गायब होते."

"उघड," मी म्हणालो.

त्याने झाकण काढले. आत विजेच्या शेगडीची कॉइल ताणून बसवली होती. तिच्यावर सरकणारी एक पत्र्याची पट्टी होती, ती म्हणजे बटण. आणि या सगळ्याच्या रांगेत, स्पीकरच्या वाटेवर, ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा बल्ब. त्यासाठी डब्याला समोरून भोक पाडून वर पिवळी काच लावलेली.

"हा काहून लावला?"

"तुमच्याच दुकानात पाहिला ना. सिरीज बल्ब. काही झालं तर वस्तू वाचते म्हणता तुम्ही."

माझ्या शिकवणीची अशी फळे मला आधीही मिळाली आहेत. बल्बची तार थंड असते तेव्हा ती वीज सहज जाऊ देते, तापली की अडवते. हळू वाजवले तर बल्ब थंड, आवाज पूर्ण. जोरात वाजवले की बल्ब पेटतो, वाट अडवतो, आवाज बसतो. म्हणजे गिटारवाल्याला नेमके जे हवे त्याच्या उलट. पहिली तक्रार तिथल्या तिथे सुटली.

दुसरी तक्रार मात्र गमतीची नव्हती. मी मीटर लावून पट्टी हळूहळू सरकवली. मध्येच काटा पडला. पट्टी कॉइलवरून उचलली जात होती. म्हणजे तेवढा वेळ अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरशिवाय चालत होता. भातगिरणीच्या इंजिनाचा पट्टा निसटला तर इंजिन कसे सैरभैर पळते, तसेच व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचे होते. आतला ट्रान्सफॉर्मर जळतो आणि असा ट्रान्सफॉर्मर आता मिळत नाही. मी प्रशांतला यावर बरेच ऐकवले. त्यातले इथे छापण्यासारखे थोडेच आहे.

"सगळं काढतो," मी म्हणालो. "सिमेंटचे जाड रेझिस्टर टाकतो, फिरवायला भक्कम स्विच. स्विचच्या कुठल्याही घरात, म्हणजे टप्प्यावर, ठेव, अ‍ॅम्प्लिफायरला भार पूर्ण राहील. अगदी खालच्या घरात स्पीकर मुका."

"चालते काका. पण बल्ब राहू द्या."

"तोच तर रोग आहे!"

"दिसायले बरा वाटते," प्रशांत म्हणाला आणि बाकाकडे पाहू लागला. बाकावर नेहमीची मंडळी होती. त्यात मंडळाचे खजिनदारही बसले होते. मी त्यांच्या देखत बल्बवर छोटेसे व्याख्यान दिले. दाद मिळाली. बल्ब काढून रद्दीच्या खोक्यात टाकला.

काम झकास झाले, हे मी अभिमानाने सांगतो. डबा आता प्रत्येक घरात सारखा वाजायचा, फक्त लहान किंवा मोठा. समोरचे भोक मी पत्रा लावून बुजवले. प्रशांत घेऊन गेला. धन्यवाद म्हणाला, पण भोकाच्या जागी बोट फिरवत होता. मला वाटले, पत्र्याच्या कामाचे कौतुक करतो आहे.

प्रॅक्टिस रविवारी सकाळी विहाराच्या बाजूच्या खोलीत होती. मी मुद्दाम गेलो. स्वतःचे काम वाजताना ऐकायची मला सवय आहे आणि ती वाईट सवय नाही. गिटार फाटली, पण हळू. अध्यक्षांनी मान डोलावली. मी त्यांच्याकडे न पाहिल्यासारखे केले.

मग बाबांची पाळी आली. गिटारची सुरावट संपते तिथे त्यांनी उचलायचे. सुरावट संपली. बाबा उभेच. नजर गिटारवर नव्हती, प्रशांतवर नव्हती. ते खाली माझ्या डब्याकडे पाहत होते. पुन्हा घेतले. या वेळी घाईने उचलले, फारच आधी. मध्ये एक जागा येते, तिथे गिटार थांबते, नुसती ढोलक वाजते आणि मग बाबा येतात. त्या जागी ते आलेच नाहीत. ढोलकवाल्याने दोन वेळा वाट करून दिली. तिसऱ्यांदा तो थांबला आणि खाली पाहत ढोलकची दोरी घट्ट करू लागला. ती आधीच घट्ट होती.

अध्यक्ष चांगला माणूस आहे. तो फक्त म्हणाला, "जयंतीले पहिलं गाणं बाबाचंच. बसलं तर पुढचीबी तेच गातील. नाहीतर मंग नागपूरचा पोरगा तयार हाये." बाबांनी "हो" म्हटले. त्यांच्यापर्यंत नेमके काय पोचले होते, ते मला तेव्हा माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दुकानात आले. मी टेबलाकडे तोंड करून काम करतो आणि पाठीमागच्या बाकाशी बोलतो. जन्मभर असेच बोलत आलो. मी म्हणालो, "या बाबा, चहा सांगू?" उत्तर नाही. रागावले असतील म्हणून पुन्हा विचारले. उत्तर नाही. वळलो तर ते शांतपणे माझ्याकडे पाहत होते.

"चहा?"

"नोको. आताच घेतला." मग जरा थांबून, "सुधाकर, त्या डब्यात लाइट होता, तो तू काढला का?"

"हो जी. कामाचा नव्हता."

"बसव ना परत. शोभत होता."

बापलेकांना एकदम शोभेची हौस आली, असे मनात म्हणत मी पुन्हा टेबलाकडे वळलो. समोर एका मंगल कार्यालयाचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर उघडा होता, स्पीकर जोडलेला, लाइन सिरीज बल्बमधून. बोलताबोलता माझे बोट नको त्या तारेला लागले. स्पीकर असा भोंग्यासारखा गरजला की समोरच्या टपरीवाल्याच्या हातातला पेला सांडला. त्याने तिथूनच मला शिवी दिली. मी घाबरून मागे पाहिले, म्हाताऱ्या माणसाला धसका बसला असेल म्हणून.

बाबा तसेच बसले होते. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. ते भिंतीवरच्या सिरीज बल्बकडे पाहत होते. तो आवाजासरशी भगकन पेटला होता. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हा पाहा. अस्साच होता."

रद्दीत काय टाकून बसलो, ते मला त्या क्षणी कळले. मी स्विच बंद केला, स्टूल फिरवले, त्यांच्यासमोर बसलो आणि माझ्या कानाला बोट लावले.

"केव्हापासून?"

त्यांनी बोट आपल्या डोळ्याकडे नेले. मग म्हणाले, "डोळे चांगले हायेत माझे."

हळूहळू त्यांनी सांगितले. ढोलक छातीत जाणवते. आपला आवाज हाडात जाणवतो, सूर जात नाही. पण गिटार कानातून गेली. कुठून निघायचे ते कळत नाही. घरी सरावाला प्रशांतने तो डबा आणला आणि गिटारसोबत दिवा पेटताना दिसला, तेव्हापासून ते दिवा मोजत होते. लख्ख झाला की सुरावट वर चढली, विझत आला की आपण उचलायचे. "प्रशांतले सांगू नको," ते म्हणाले. "तो मले गाऊ देणार नाही. काळजी करते पोरगा." त्यांच्या हाताला अजून चुन्याच्या जुन्या भेगा होत्या. मला गलबलून आले, हे लिहायला लाज कसली?

मी प्रशांतकडून डबा मागवून घेतला आणि रद्दीचे खोके टेबलावर उपडे केले. बल्ब सापडला, पण तो पुन्हा स्पीकरच्या वाटेत घालणार नव्हतो. माझेही काही नाव आहे. त्याऐवजी मी मोटारसायकलचा छोटा बल्ब घेतला. त्याला एक रेझिस्टर जोडून तो डब्याच्या तोंडाशी लावला, अ‍ॅम्प्लिफायरची ताकद आत शिरते तिथे. आवाज कुठल्याही घरात ठेवा, बल्ब गिटारसोबत पूर्ण पेटणार. छोट्या बल्बची तार पटकन तापते आणि पटकन निवते, त्यामुळे एकेक ठोका वेगळा दिसायचा. भोकावरचा पत्रा काढला. चांगला बसला होता, उचकटताना वाईट वाटले.

संध्याकाळी प्रशांत डबा न्यायला आला. बाक रिकामा होता.

"बल्ब बसवला," मी म्हणालो. "तुझे बाबा येऊन गेले. शोभेसाठी म्हणाले."

त्याने डबा छातीशी धरला. "काका, मी म्हणलं होतं ना, राहू द्या म्हणून."

"मग कारण नाही सांगता येत?"

"खजिनदार बसले होते ना बाकावर. गावभर झालं असतं." मग खाली पाहून म्हणाला, "मले सरावातच कळलं. मी गिटार थांबवली का बाबा थांबत. मी तार दाबून नुसतं खरडलं, सूर नाही पण बल्ब लुकलुकला, तर बाबा बराबर आले. बाबाले कळू देऊ नका जी का मले माहीत हाये. गाणंच सोडून देतील."

सकाळी बापाला हो म्हटले होते, संध्याकाळी मुलाला हो म्हटले. एकाच वस्तूच्या दुरुस्तीत दोन गिऱ्हाइकांना एकमेकांपासून लपवायची ही माझी पहिलीच वेळ.

जयंतीला ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. मांडव भरलेला, बायका पांढऱ्या साड्यांत, पोरे पुढे मांडी घालून. नागपूरचा पोरगा स्टेजच्या कडेला तयार कपड्यांत बसला होता, त्याचा काही दोष नव्हता. मी साउंडवाल्याशेजारी उभा राहिलो. डबा प्रशांतच्या पायाशी होता, बल्बचे तोंड बाबांकडे. लोकांना दिसत नव्हते.

सुरावट सुरू झाली. बल्ब चढला, उतरला, आणि बाबांनी जिथे उचलायचे तिथेच उचलले. बारीक आवाज, पण गिटार त्याच्या खाली नीट बसलेली. मांडव शांत झाला. मी साउंडवाल्याला म्हणालो, "बाबाचा थोडा वाढव." तो म्हणाला, "गरज नाही काका." खरेच नव्हती.

मग ती मधली जागा आली. गिटार थांबायची आणि नुसती ढोलक. ढोलकवाला वर्षभर याच जागेसाठी जगतो, तिथे तो कोणाला वाजवू देत नाही. गिटारचा आवाज थांबला. बाबांनी खाली पाहिले. गिटार थांबली की बल्बही विझणार, तिथे आता अंधार होणार होता.

प्रशांतने पायाने डब्याचे बटण अगदी खालच्या घरात ढकलले. स्पीकर मुका झाला. आणि तो वाजवत राहिला. पूर्ण हाताने, सगळ्या तारा. मांडवात कोणालाही एक सूर ऐकू येत नव्हता. ढोलकवाल्याला वाटले, पोरगा नुसता हात हलवतो आहे. पण त्याच्या पायाशी बल्ब ठोक्याठोक्याला पेटत होता आणि दौलतबाबा त्याच्याकडे पाहत मान हलवत होते. गिटार वाजत होती ती एकाच माणसासाठी. बल्ब मंद झाला आणि बाबा आले, नेमके.

पुढची सगळी गाणी त्यांनीच गायली. नागपूरच्या पोराने शेवटी कोरस दिला. कार्यक्रम संपल्यावर अध्यक्षांनी मला विचारले की डब्यात असे काय केले. मी म्हणालो, रेझिस्टर बदलले.

आता हे लिहितो आहे, कारण आता लपवण्यासारखे काही राहिले नाही. धान लावणी आटोपल्यावर बाबांनी स्वतःच घरी कानाचे सांगितले आणि कानाला मशीन लावून घेतली. ती लावून ते पहिल्यांदा प्रशांतच्या सरावाला बसले त्या दिवशी मीही होतो. गिटार सुरू होताच बाबा दचकले आणि म्हणाले, "अरे बाप्पा! इतक्या जोरात वाजवत होता तू?" प्रशांतने मुकाट्याने बटण एक घर खाली घेतले.

मी धंद्याच्या सवयीने विचारले, "मग आता हा बल्ब काढून टाकू?"

दोघेही एकदम "नोको" म्हणाले. आणि मग एकमेकांकडे न पाहता चहा पिऊ लागले.